सोललेले वाल

नीरा दिघे माझी मैत्रीण आहे की नुसती सवय, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. आम्ही दोघी बडोद्यातल्या एका बालमंदिरात शिकवतो. तिचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये एक लाकडी पार्टिशन आहे, छतापर्यंत न पोचणारं. तिच्याकडे ‘क कमळनो’ सुरू झालं की माझ्याकडची पोरंही कमळावर जातात. यावरून मी तिच्याशी कैकदा भांडले आहे. शाळा सुटली की मात्र आम्ही एकत्रच निघतो. ती नागरवाड्यात वळते, मी पुढे घडियाळी पोळेच्या गल्लीत.

बालमंदिर एके काळी मराठी होतं. दरबारातल्या अंमलदारांच्या बायकांनी ते काढलं असं सांगतात. आता वर्गात मराठी पोरं दोन-तीन, आणि तीही ‘बेन, मला पाणी पीवुं छे’ म्हणणारी. मुख्याध्यापिका कौमुदीबेन गुजराती आहेत, आणि खरं बोलायचं तर आधीच्या आमच्या मराठी बाईंपेक्षा शंभरपट बऱ्या. माझ्या तोंडून कुणाचं कौतुक सहज निघत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

नीराकडे बघून तुम्हाला काही विशेष वाटणार नाही. सरळ भांग, कडक इस्त्रीची सुती साडी, डब्यात पोळी-भाजी. पण ती जनावरांचे आवाज काढते. कुत्री-मांजरी कुणीही काढतं; नीराची म्हैस ऐकून एकदा रस्त्यावरचा भाजीवाला आमच्या गेटातून आत डोकावला होता. पोरं तिच्यावर जीव टाकायची ते त्या म्हशीमुळे, असं मी तिला चिडवायची. ती म्हणायची, ‘तुला जमत नाही म्हणून जळतेस.’ खरंच जळायची मी.

तिचा नवरा सलील डभोईला एका बँकेत होता. रोज बसनं अपडाऊन. शांत, लाजरा माणूस. लग्नात पंगतीला बसला तरी आग्रह करणाऱ्याकडे बघायचा नाही. पण आमच्या बालमंदिरात दर वर्षी जुलैमध्ये शेतीचा आठवडा असतो, त्याच्या शुक्रवारी हा माणूस रजा टाकायचा, धोतर नेसायचा, लाल पागोटं बांधायचा, काजळाच्या मिशा काढायचा आणि खेडूतकाका होऊन वर्गात यायचा. जपून ठेवलेली कपाशीची बोंडं, मुळांसकट उपटलेलं भेंडीचं झाड, मक्याची कणसं, सगळं डभोईहून टोपलीत घालून. पोरं विचारायची, ‘काका, तमारुं खेतर क्यां छे?’ आणि हा छाती पुढे काढून सांगायचा, ‘डभोईमां!’

जन्मात कधी शेतात उतरला नव्हता. दिघे घराणं दरबारी कारकुनांचं. त्यांच्या सात पिढ्यांत कुणी बैलाला हात लावला असेल तर तो पोळ्याच्या मातीच्या बैलाला. घरातली तुळससुद्धा नीराच जगवायची. पण पोरांचा त्याच्यावर पुरता विश्वास होता. वर्षभर ती नीराला विचारायची, खेडूतकाकांची भेंडी केवढी झाली?

यंदा मार्चमध्ये, होळी होऊन गेल्यावर, डभोईहून परत येताना बसमध्येच सलीलचं हृदय बंद पडलं.

नीरा रडली नाही. त्या दिवशी नाही, दिवसकार्यात नाही, मुलगी पुण्याला नोकरीवर परत गेली तेव्हाही नाही. लोक म्हणाले, धीराची आहे. मीही म्हणाले. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी ती वेळेवर आली, साडीला तीच इस्त्री, डब्यात पोळी-भाजी. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की धीरबीर काही नाही. बाई रोज शाळेत येत होती, पण नीरा येत नव्हती. मी एखादा टोमणा मारला तर ती उलट बोलायची नाही. मी भांडण उकरून काढून बघितलं. तेही नाही. एकटीनं भांडण्यासारखा दुसरा छळ नाही, आणि मी तो सबंध जून सोसला.

शाळा उघडली तेव्हाच्या मीटिंगमध्ये कौमुदीबेननी सगळ्यांना बजावलं होतं, पोरांनी विचारलं तर सांगायचं की खेडूतकाका बहारगाम गया छे. एवढ्याशा जीवांना मरणाचं सांगायचं नाही, पालक बिथरतात. नीरा मीटिंगमध्ये बसली होती. तिनं मान हलवली. वर्गात पोरांनी विचारलं तेव्हा तिनं तसंच सांगितलं, ‘बहारगाम गया छे’, अगदी सरळ, उद्या सुट्टी आहे असं सांगावं तसं. पार्टिशनच्या अलीकडे माझ्या हातातला खडू मोडला.

मग कुशलचं प्रकरण झालं. कुशल तिच्या वर्गातला दांडगोबा. घसरगुंडीवरून पडला, हनुवटी फुटली. नीरानं त्याला नळाखाली धरलं, भांडं विसळावं तशी हनुवटी धुतली, कापूस लावला आणि खुर्चीवर बसवून पुढची कविता सुरू केली. ना ‘अरेरे’, ना डोक्यावरून हात. पोरगं रडायचं थांबून तिच्या तोंडाकडे बघत बसलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई ऑफिसात. जखमेबद्दल तिची काही तक्रार नव्हती. ‘बेन तो जाणे पथ्थर,’ एवढंच ती म्हणत राहिली.

शेतीच्या आठवड्याआधीच्या शुक्रवारी कौमुदीबेननी मला बोलावलं. त्यांनाही बोलायला जड जात होतं, चष्मा काढून पुसत होत्या. एवढा आठवडा बघू, म्हणाल्या. शुक्रवारी पालक येतात. तोवर नीराबेन थोड्या माणसात आल्या तर ठीक. नाहीतर सोमवारपासून त्यांना ऑफिसात घेऊ, हजेरी, गणवेश वगैरे बघतील, आणि वर्ग आकांक्षाकडे देऊ. आकांक्षा म्हणजे नर्सरीतली नवी मुलगी, चांगली आहे, पण तिची म्हैस म्हणजे शेळी.

मला पोटात ठेवता येत नाही. त्याच दिवशी घरी जाताना नागरवाड्याच्या वळणावर मी नीराला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, अगं, वर्ग गेला तर तुझ्याकडे उरेल काय? घरी भिंती, शाळेत कपाट. तिनं ऐकून घेतलं, डब्याच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाली, ‘वाल भिजत घालायचेत आज,’ आणि वळली.

वाल म्हणजे सोमवारची पेरणी. दर वर्षी शेतीच्या आठवड्याची सुरुवात तिच्या वर्गात वालानंच होते. दाणा मोठा, छोट्या चिमटीत बसतो. आधी भिजवून फडक्यात बांधून मोड आणले की पोरांना दाण्याचं नाक दाखवता येतं. प्रत्येकानं आपल्या नावाच्या कागदी पेल्यात माती भरायची, दोन दाणे खोचायचे, आणि शुक्रवारपर्यंत कोंब मातीबाहेर. मग पालक आले की आपापला पेला घेऊन घरी.

सोमवारी पार्टिशनपलीकडून पेरणी ऐकू येत होती. ‘हळू दाबा. आता माती घाला.’ आवाज लिफ्टमधल्या बाईसारखा. मधल्या सुट्टीत मी डिंक मागायला तिच्या वर्गात गेले. टेबलावर वाडगा होता, तळाशी उरलेले वाल. पांढरेशुभ्र.

‘नीरा, हे काय गं?’

‘वाल.’

‘सोललेत.’

तिनं एक दाणा उचलून बघितला. ‘हो की.’

आता दिघे पडले कायस्थ. कायस्थांच्या घरी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकतात, एकेक दाणा दाबून साल काढतात आणि त्याचं बिरडं करतात. आम्ही देशस्थ, सोलत बसायचा धीर आमच्यात नाही, सालासकट शिजवून मोकळे होतो. सलीलला बिरडं म्हणजे जीव की प्राण. इतकी वर्षं नीरानं जेव्हा जेव्हा वालाचं फडकं सोडलं असेल, तेव्हा पुढ्यात परात ओढून सोलायलाच बसली असेल.

‘काल टीव्ही लावला होता,’ ती म्हणाली. ‘फडकं सोडलं. मग सोलले.’

‘सगळे?’

‘सगळे. अर्ध्यांचं बिरडं केलं.’

‘कुणासाठी?’ हे मी विचारायला नको होतं. पण जीभ माझी, तिला कधी लगाम होता!

‘फ्रिजमध्ये आहे,’ ती म्हणाली. ‘दोन वाट्यांत काढून ठेवलंय.’

खिडकीत पेल्यांची रांग होती, एकेकावर नाव, एकेकात दोन सोललेले दाणे. साल काढलेला दाणा मातीत घातला तर त्याचं काय होणार, हे सांगायला शेतकरी लागत नाही. मी म्हटलं, उद्या दुसरे आणू, पुन्हा पेरू. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. घंटा झाली आणि पोरांना ओळीत उभं करायला उठली. मला तिच्या दंडाला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. आणि त्याच वेळी घरी जाऊन ती दुसरी वाटी कुणीतरी खाऊन टाकावी असंही वाटलं.

मंगळवारी तिनं काही आणलं नाही. पेल्यांना दोन वेळा पाणी मात्र घातलं. शाळा सुटल्यावर मी एका पेल्यात बोट घालून बघितलं. दाणा बुळबुळीत झाला होता, वास सुटला होता. बोट धुतलं तरी वास जाईना. शुक्रवारी सगळे पालक आपापल्या पोराचा पेला उचलणार, आणि प्रत्येक पेल्यात कुजलेला वाल. मग कुशलच्या आईला आणखी काही बोलावंही लागणार नाही.

माझ्या घरी बुधवारसाठी मोड आलेले मूग तयार होते. बुधवारी मूग खायची गुजराती रीत आमच्याही स्वयंपाकघरात केव्हाची घुसलेली आहे. ‘मग चलावे पग’, म्हणजे मुगानं पाय चालतात, असं आमची शेजारीण म्हणते आणि आम्हालाही पाय हवेच असतात. मी मुगाचा डबा पिशवीत टाकला, सकाळी शिपायाकडून किल्ली घेतली आणि पोरं यायच्या आत एकेक पेला उकरला. वाल काढले, मूग खोचले, वरून माती थापली. काढलेले वाल कागदात गुंडाळून गेटाबाहेरच्या कचरापेटीत टाकले. हात धुताना मला चोरासारखं वाटत होतं, पण वाईट वाटत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरांना कोंब दिसल्याशी कारण.

त्या दिवशी वर्गात जनावरं होती. गाय, बैल, म्हैस, बकरी, अशी चित्रं भिंतीवर लावलेली. मी माझा वर्ग चित्रं रंगवायला बसवून कान लावून बसले. ‘म्हैस कशी ओरडते?’ पोरं ओरडली. आणि मग सगळी थांबली, कारण आता नीराबेनची पाळी होती, दर वर्षी असते. मीही थांबले. पलीकडून चित्र काढून ठेवल्याचा आवाज आला आणि नीरा म्हणाली, ‘हवे बकरी.’ आता बकरी. तिची म्हैस आलीच नाही.

‘बेन, खेडूतकाका क्यारे आवशे?’ हा अवनीचा आवाज. अवनी म्हणजे चिमुरडी, प्रत्येक प्रश्न तीनदा विचारणारी. ‘शुक्रवारे आवशे ने?’

‘बहारगाम गया छे,’ नीरा म्हणाली.

‘पण शुक्रवारे आवशे ने?’

नीरा बकरीकडे वळली.

गुरुवारी मूग वर आले. पावसाळी दमट हवा, मोड आधीच लांब झालेले, रात्रीत माती फोडून बाहेर. प्रत्येक कोंबाच्या डोक्यावर मुगाचं हिरवं टरफल अडकलेलं. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. नीरा चमच्यानं पाणी घालत एका पेल्यापासून दुसऱ्या पेल्यापर्यंत गेली. मी दारात उभी राहून बघत होते. मुगाची टोपी घातलेले कोंब तिच्या नाकासमोर होते. कायस्थाची लेक, कायस्थाची सून, हयात वालात गेलेली, आणि तिला दिसलं नाही. माझी चोरी पचली याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले. कुणीतरी रडायलाच हवं होतं.

शुक्रवारी अंगणात भाजीबाजार. पालकांनी घरून भाज्या आणायच्या, टोपल्या मांडायच्या, पोरांनी हिंडून भाज्या ओळखायच्या. पालक बाहेर मांडामांड करत होते. पोरं वर्गातच होती, पेले हातात घेऊन, आता बोलावतील मग बोलावतील म्हणून चुळबुळत. मी माझ्या पोरांना रांगेत लावत होते तोच पलीकडे कुशल ओरडला.

‘बेन, आ तो मग छे!’

एकदम कलकल. मारो पण मग! मारो पण! दर बुधवारी ताटात मूग बघणारी पोरं ती. मोठ्या माणसाला फसवणं सोपं. मी करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कुशलनं तर कोंब उपटून टरफल दातानं फोडूनही बघितलं होतं.

मग नीरा माझ्या दारात आली. हातात अवनीचा पेला.

‘तू केलंस?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘कुजले होते ते. आज पालक येणार. म्हटलं, निदान—’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर तू ऐकण्यासारखी होतीस का?’ मीही पेटले. ‘सोमवारी सांगितलं, काय केलंस? हूं की चूं नाही! तुझा वर्ग जातोय बाई, तुला कळतंय का?’

‘माझे वाल होते,’ ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. मार्चपासून मी तो ऐकला नव्हता. ‘कुजले तर कुजले. मी पोरांना सांगितलं असतं, मी चुकून सोलले, आता येणार नाहीत. तू कोण मधे हात घालणारी? सगळे हेच करता. त्या दिवशी बँकेतल्या जयवंतभाऊजींचा फोन आला, सलीलला चक्कर आलीय, दवाखान्यात ये. मी त्याची लुंगी घेतली. टूथब्रश घेतला. थर्मासमध्ये चहा भरून घेतला. मला बाकावर बसवलं. जो येईल तो म्हणे, डॉक्टर बघताहेत, डॉक्टर बघताहेत. आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते, त्याला चहा चालेल का, गार होईल म्हणून. सगळ्यांना माहीत होतं, नलिनी. फरशी पुसणाऱ्या बाईलासुद्धा माहीत होतं, ती माझ्याकडे बघत नव्हती. मला कळलं तोवर सगळ्यांचं रडून झालं होतं. मग मी कुणाबरोबर रडायचं होतं?’

नीरानं पेला माझ्या टेबलावर ठेवला नाही, बरोबर घेऊन गेली.

मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले. ती पोरांसमोर आपल्या छोट्या स्टुलावर बसली. गुजरातीत, सावकाश, तिनं सांगितलं की आपण वाल पेरले होते. मी चुकून त्यांची सालं काढली होती. साल काढलेला दाणा उगवत नाही. आपले वाल मातीत मेले. नलिनीबेननी हे मूग लावले, त्यांना वाटलं तुम्हाला वाईट वाटेल.

‘बधा मरी गया?’ कुशलनं विचारलं, सगळेच मेले?

‘बधा.’

पोरांनी विचार केला. मग अवनी म्हणाली, ‘खेडूतकाका बीजा लावशे. आजे आवशे ने?’ काका दुसरे वाल आणतील, आज येतीलच.

मला वाटलं धावत जाऊन काहीतरी बोलावं, टाळ्या वाजवाव्या, पोरांना बाहेर न्यावं. गेले नाही. एकदा हात घालून बघितला होता.

‘ना,’ नीरा म्हणाली. ‘काका नहीं आवे. काका बहारगाम नथी गया. ए गुजरी गया छे.’

हे वाक्य तिनं याआधी कुठल्याही भाषेत उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. तिनं ते पोरांच्या भाषेत उच्चारलं.

कुशलनं हात वर केला, आजोबांचं सांगायला. ‘बेन, मारा दादा पण गुजरी गया छे. मम्मी कहे छे हरिद्वार गया छे. पण गुजरी गया छे.’

‘अच्छा,’ नीरा म्हणाली.

मग मागून कुणीतरी, माझी नानी पण. मारी माछली पण. आमच्या पोळेतली कुत्री, तिला रिक्षानं उडवलं. एक म्हणाला, अमारुं टीवी पण, आणि कुणी हसलं नाही. सगळे एकदम बोलायला लागले. कुणी बाकावर चढलं, कुणाचा हात दुसऱ्याच्या डोळ्यात गेला. आणि नीरा, बाईच ती, आवाज चढवून म्हणाली, ‘एक पछी एक! हाथ ऊंचो करो!’ हात वर झाले. ती एकेकाकडे बोट करत गेली आणि ऐकत गेली. माशाचं नाव काय होतं? आणि नानी काय करायची? नानी सेव करायची. बरं. पुढचा.

माझ्या पाठीमागे पावलं वाजली. पोरं बाहेर का येत नाहीत ते बघायला कौमुदीबेन आल्या होत्या, बरोबर कुशलची आई, हातात दोन वांगी.

‘आ शुं चाले छे?’ कौमुदीबेननी हळूच विचारलं.

‘वर्ग चाललाय,’ मी म्हटलं.

कुशलनं आईला बघितलं नाही. तो शेजारच्या पोराला आजोबांचं पुन्हा सांगत होता. ती ऐकत राहिली. हरिद्वार ऐकलं तेव्हा तिचा चेहरा पडला. ‘त्याला ठाऊक आहे?’ ती गुजरातीत पुटपुटली. ‘आम्ही तर त्याला काहीच सांगितलं नव्हतं.’ वांगी तशीच हातात धरून ती भिंतीला टेकली. कौमुदीबेन बराच वेळ आत बघत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि मला म्हणाल्या, आकांक्षाला सांगा, तिचा वर्ग नर्सरीच. आणि पालकांना सांगा, थोडा वेळ थांबा. मी लगेच हलले नाही, मला बघायचं होतं.

सगळ्यांचं सांगून झालं होतं. फक्त अवनी राहिली होती. प्रत्येक प्रश्न तीनदा विचारणारी ती मुलगी हात वर न करता बसून होती, ओठ आत ओढून.

‘अवनी, तुझं?’ नीरानं विचारलं.

अवनी उभी राहिली. तिनं पुष्कळ विचार केला, बोटं मोजली, वर बघितलं. ‘मारुं तो कोई मर्युं ज नथी,’ ती म्हणाली, माझं तर कुणीच मेलेलं नाही, आणि भोकाड पसरलं. सगळ्यांकडे एकेक होतं आणि तिच्याकडे काहीच नव्हतं.

नीरा स्टुलावरून खाली गुडघ्यांवर आली. तिनं त्या पोरीला ओढून जवळ घेतलं. ‘बहु सारुं, बेटा,’ ती म्हणाली, फार चांगलं. ‘बहु ज सारुं,’ आणि तिसऱ्यांदा म्हणायला गेली तेव्हा शब्दाऐवजी रडू फुटलं. मोठ्यानं, ओबडधोबड, नाकातोंडातून. इस्त्रीची साडी मातीत, भांग विस्कटलेला, चार महिन्यांचं सगळं एकदम. पोरं बघत राहिली. कुणी घाबरलं नाही. अवनी तर आपलं रडणंच विसरली. तिनं आपल्या फ्रॉकवरचा रुमाल नीराच्या डोळ्यांकडे न्यायला ओढला, पण तो पिनेनं फ्रॉकला लावलेला होता, निघेना. मग तिनं रुमालासकट आपली छातीच नीराच्या तोंडावर दाबली आणि तशीच उभी राहिली, नीराचं रडून होईपर्यंत.